गस्तीची वाहने : घोडा, सायकल आणि उभी विजेची गाडी

२०२० हे वर्ष आपल्या लक्षात राहिले ते टाळेबंदीमुळे. वाहनांच्या इतिहासात रस असणाऱ्याला मात्र त्या वर्षात आणखी एक योगायोग सापडतो. जानेवारीत मुंबई पोलिसांचे घोडेस्वार पथक पुन्हा उभे राहत असल्याची घोषणा झाली आणि २६ जानेवारीला शिवाजी पार्कवरील संचलनात घोड्यावर बसलेले पोलीस लोकांनी पाहिले. रस्त्यावरची रहदारी वाढली म्हणून हे पथक १९३२ साली बंद झाले होते. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी घोडा परत आला. त्याच वर्षी वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावरील गस्तीसाठी पोलिसांना विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या मिळाल्या. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्या हस्ते त्यांचे उद्घाटन झाले. या गाड्यांना बसायला आसन नसते. दोन चाके शेजारी शेजारी, मध्ये उभे राहायला फळी, धरायला एक दांडा. लोक तिला सरसकट ‘सेग्वे’ म्हणतात. आणि ज्या अमेरिकन कंपनीने हे नाव जगाला दिले, तिने त्याच वर्षी १५ जुलैला आपल्या मूळ सेग्वे गाडीचे उत्पादन कायमचे थांबवले.

एकाच वर्षी एक वाहन परत येते, दुसरे नव्याने येते आणि त्या दुसऱ्याचा मूळ कारखाना ते बनवणे सोडून देतो. हे कसे झाले ते समजून घ्यायचे तर आधी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : पोलीस गस्त घालतात ती कशासाठी?

‘गस्त’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी फिरणे, वळणे हा अर्थ आहे. आपल्याकडे बोलण्यात ‘रोंद घालणे’ असेही म्हणतात; तो शब्द पोर्तुगीज ‘रोंदा’ किंवा इंग्रजी ‘राउंड’ यांच्याशी नाते सांगतो. दोन्हींत चक्कर मारणे आले. पण चक्कर मारण्याचे हेतू दोन असतात. एक, पाहणे. दुसरा, दिसणे. गावाच्या जागल्याची रात्रीची आरोळी ही दिसण्याची, किंवा अंधारात ऐकू येण्याची, गस्त होती. चोराने ती ऐकावी आणि झोपलेल्यानेही ऐकावी, असा तिचा उपयोग. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या काळात मुंबई बेटावर भंडाऱ्यांचे सोटेधारी पथक उभारले गेले, त्यातूनच मुंबईच्या पोलिसांचा इतिहास सुरू झाला असे मानतात. तीही उघड गस्तच.

उलट उदाहरण चार्ल्स फॉर्जेटचे. १८५७ च्या सुमारास तो मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता. जन्म हिंदुस्थानातला, इथल्या भाषा उत्तम येत. वेष पालटून तो बाजारांत आणि वस्त्यांत हिंडे. शिपायांच्या गुप्त बैठका त्याने शेजारच्या खोलीच्या भिंतीला पाडलेल्या भोकांतून पाहिल्या, आणि त्या माहितीवरून दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. ही केवळ पाहण्याची गस्त. गस्तीचा इतिहास शिकवताना ही बाजू झाकू नये. ज्याच्यावर पहारा असतो त्याला प्रत्येक वेळी सुरक्षित वाटतेच असे नाही.

घोड्याने पाहणे आणि दिसणे, दोन्ही एकदम साधले. स्वार उंच असतो, त्यामुळे त्याला गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडचे दिसते आणि तोही दुरून दिसतो. शिवाय घोडा स्वतः तोल सांभाळतो, अडथळा चुकवतो आणि गर्दीत जागच्या जागी उभा राहतो. (हे मुद्दे लक्षात ठेवा, यंत्राशी तुलना करताना लागतील.) पण त्याला दाणापाणी लागते, पागा लागते, मोतद्दार लागतो, आणि मोटारींच्या गोंगाटात तो बिथरतो. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १९०५ साली बंद झाल्या, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस. त्यानंतर सहा वर्षांनी पोलिसांचे घोडेही गेले.

पोलिसांची विजेची गाडी ही एकविसाव्या शतकातली नवलाई, असे मात्र समजू नये. जगातली पहिली स्वयंचलित पोलीस गाडी म्हणून जिचा उल्लेख होतो ती विजेचीच होती. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. तेथील पोलिसांनी १८९९ साली २,४०० डॉलर मोजून ती घेतली. तिला दोन विद्युत मोटारी होत्या. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास, आणि एकदा बॅटरी भरली की सुमारे ४८ किलोमीटर जाई. तिची पहिली कामगिरी म्हणजे रस्त्यावरच्या एका दारूड्याला उचलून आणणे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०० मध्ये, एका कृष्णवर्णीय आरोपीला ताब्यात द्या म्हणून जमावाने शहरात दंगल केली. पोलिसांनी आरोपीला आधीच शहराबाहेर हलवले होते. चिडलेल्या जमावाने नगरभवन जाळले आणि ही गाडी कालव्यात ढकलली.

अशा गाड्या मागे पडल्या, त्याचे मुख्य कारण रसायनशास्त्रात आहे. एक किलो वजनाच्या शिसे-आम्ल बॅटरीत साधारण ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमध्ये ती १२,००० वॉट-तास असते. इंजिनाने त्यातली पाऊण उष्णतेच्या रूपाने वाया घालवली तरी फरक प्रचंड राहतो. पोलिसांना तर दूरवर, कधीही आणि लगेच जायचे असते. तेव्हा पेट्रोल जिंकणारच होते.

दरम्यान सायकलने आपले काम करून घेतले. १८९५ साली न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) यांच्या कारकिर्दीत सायकलस्वार पोलिसांचे पथक निघाले. बेफाम सायकली हाकणारे आणि उधळलेल्या घोडागाड्या, दोघांचाही ते पाठलाग करी. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे ऑगस्ट फॉल्मर या अधिकाऱ्याने आधी पोलिसांना सायकलवर बसवले, मग मोटारसायकलवर, मग मोटारीत, आणि हे सारे अवघ्या काही वर्षांत. १९२८ साली डेट्रॉइटमध्ये पोलिसांच्या मोटारीत रेडिओ बसला. आता चौकीत बसलेला अधिकारी फिरत्या गाडीला हुकूम देऊ शकत होता. गस्तीची मोटार ही विसाव्या शतकातल्या पोलिसांची ओळख बनली. काच वर केलेली मोटार आणि तिच्यात बसलेले दोन पोलीस. रस्त्यावरचा माणूस त्यांना दिसे, पण त्याचे बोलणे ऐकू येत नसे.

या पद्धतीने गुन्हे कमी होतात असे सगळे गृहीत धरून होते. ते तपासून पाहण्याची कल्पना मात्र १९७२ पर्यंत कुणी मोठ्या प्रमाणावर अमलात आणली नव्हती. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य जाणून घ्यावा, कारण ‘तुलनेसाठी नियंत्रित गट’ ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर कशी वापरतात याचा तो उत्तम नमुना आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरातील पंधरा बीट निवडण्यात आले. (‘बीट’ म्हणजे एका पोलिसाच्या फेरीचा ठरलेला भाग, आपल्याकडेही बीट अंमलदार असतोच.) त्यांचे पाच-पाचचे तीन गट केले. पहिल्या गटात नेहमीची मोटार-गस्त पूर्ण बंद; कोणी बोलावले तरच पोलीस जाणार. दुसऱ्या गटात गस्त पूर्वीइतकीच. तिसऱ्यात दुप्पट ते तिप्पट. ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर हा प्रयोग चालला. निष्कर्ष धक्कादायक होता. गुन्ह्यांच्या संख्येत, लोकांच्या भीतीत, पोलिसांविषयीच्या मतात, तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मोटारी वाढल्या की कमी झाल्या, हे बहुतेक नागरिकांच्या ध्यानातही आले नव्हते.

यावरून ‘गस्त निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तपासली गेली होती ती मोटारीतली, कुठेही हिंडणारी गस्त. काही वर्षांनी न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा असाच प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. नोंदलेले गुन्हे तिथेही घटले नाहीत, पण पायी पोलीस वाढले किंवा कमी झाले ते लोकांच्या लगेच लक्षात आले, आणि जिथे ते वाढले तिथल्या रहिवाशांना अधिक सुरक्षित वाटू लागले. पुढे २००९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियामध्ये नेमके हिंसाचाराचे साठ अड्डे धरून पायी गस्तीची पुन्हा परीक्षा झाली. जिथे पोलीस पायी फिरत होते त्या भागांत हिंसक गुन्हे तुलनेने २३ टक्क्यांनी कमी झाले. गस्त थांबल्यावर मात्र हा परिणाम टिकला नाही.

म्हणजे पोलिसाने मोटारीतून उतरावे, हे पटले. पण पायी चालणाऱ्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. मुंबईचा मरीन ड्राइव्ह सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पाऊण तास लागतो. त्यात दिवसभर उभे राहणारे पाय दुखतात, हा विषय फारसा कोणी काढत नाही. मुंबईत पोलिसांसाठी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग देवनार ठाण्यात सुरू झाला तो २०१६ साली. त्यावरून त्याआधीच्या पाळ्यांची कल्पना करावी. १९८७ मध्ये सिॲटल शहरात याच कोंडीतून सायकल पुन्हा वर आली. भुयारी मार्गाच्या खोदकामाने रस्ते तुंबले होते, मोटारी अडकत होत्या, तेव्हा दोन पोलीस सायकलवर निघाले आणि त्यांचे पाहून इतर अनेक शहरांत सायकल-पथके झाली.

या पार्श्वभूमीवर ३ डिसेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये डीन केमन या संशोधकाने सेग्वे लोकांपुढे आणली. केमन यांनी आधी जिना चढू शकणारी आणि दोन चाकांवर उभी राहू शकणारी चाकांची खुर्ची तयार केली होती. अपंग व्यक्तीला समोरच्याच्या नजरेच्या पातळीवर बोलता यावे, हा तिचा एक हेतू होता. तोल सांभाळण्याची तीच युक्ती त्यांनी सेग्वेत वापरली.

ही युक्ती वर्गात दाखवायला एक केरसुणीचा दांडा पुरे. दांडा तळहातावर उभा धरा. तो पुढे कलू लागला की आपण नकळत हात पुढे सरकवतो, म्हणजे आधार पुन्हा गुरुत्वमध्याखाली येतो. आता तोच प्रयोग पेन्सिलीवर करायला सांगा. कोणालाही जमणार नाही. का? उभी वस्तू पडायला लागणारा वेळ तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. एक मीटर लांब दांड्याचा कल हाताबाहेर जायला साधारण पाव सेकंद लागतो, तर पंधरा सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा एक दशांश सेकंदात जातो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. दांडा आपल्या आवाक्यात आहे, पेन्सिल नाही.

सेग्वेवर उभा माणूस म्हणजे हा दांडा, आणि चाके म्हणजे तळहात. माणूस पुढे झुकला की चाके पुढे पळून त्याच्या गुरुत्वमध्याखाली येऊ पाहतात. तो झुकलेलाच राहिला तर ती पळतच राहतात, आणि यालाच आपण ‘गाडी चालली’ म्हणतो. मागे झुकले की ती मंदावते. कल मोजण्यासाठी फळीखाली सिलिकॉनच्या अगदी लहान, सतत कंप पावणाऱ्या संवेदकांचा संच असतो. गाडी कलताना संवेदक फिरतो आणि कंपनाची दिशा किंचित सरकते. हाच कोरिऑलिस परिणाम, जो वाऱ्यांच्या दिशा शिकवताना आपण भूगोलात भेटतो. त्यावरून संगणक दर सेकंदाला सुमारे शंभर वेळा मोटारींना हुकूम देतो. माणसाचा तोल जायला जो पाव-तृतीयांश सेकंद लागतो, तेवढ्यात पंचवीस-तीस दुरुस्त्या होऊन जातात. वेग ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि वजन सुमारे ३८ किलो.

या रचनेतच तिचा दोषही दडलेला आहे. तीन चाकांची गाडी बंद पडली तरी उभी राहते. सेग्वे मात्र उभी राहते ती फक्त मोटार जोर लावू शकते तोवर. जून २००३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश गाडी सुरू न करताच तिच्यावर चढले आणि ती पुढे लवंडली. त्याच वर्षी कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या, कारण बॅटरी उतरत आली असताना एकदम वेग घेतल्यास तोल सावरण्याइतका जोर मोटारीत उरत नसे. परत मागवलेल्या गाड्यांची संख्या जाहीर करावी लागली, आणि ती निघाली जेमतेम ६,०००. आठवड्याला दहा हजार गाड्या विकल्या जातील अशी भाकिते झाली होती! २००६ मध्ये पुन्हा २३,५०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांची चाके कधीकधी अचानक उलटी फिरत.

सर्वसामान्य माणसाने जवळपास ५,००० डॉलर देऊन ही गाडी घेतली नाही, आणि न घेण्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. तिला गिऱ्हाईक मिळाले ते पर्यटन-सहलीवाले आणि पोलीस. शिकागोच्या पोलिसांनी ती घेतली, २००८ च्या ऑलिम्पिकच्या तयारीत बीजिंगच्या पोलिसांनी तिच्यावर सराव केला. पोलिसांना तिच्यात नेमके काय आवडले? जिथे मोटार जाऊ शकत नाही अशा पादचाऱ्यांच्या फरसबंदीवर ती जाते. आवाज नाही, धूर नाही. लिथियम बॅटरी आल्यावर एका भरण्यात तिची मजलही वाढली, कारण एक किलो लिथियम बॅटरीत शिसे-आम्ल बॅटरीच्या चौपट-पाचपट ऊर्जा मावते. आणि पोलीस वीसेक सेंटिमीटर उंच होतो, काच मध्ये नसते, हाक मारली तर थांबतो. थोडक्यात, घोड्याचे काही गुण आणि पायी पोलिसाचे काही.

वरळीचा किनारा अशा गाडीला जणू आखून दिल्यासारखा आहे : लांब, सपाट, कोरडा, कडेला कठडा. पण हे गुण जागेचे आहेत हेही ओळखले पाहिजे. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी नामदेव घ्या. कयाधू नदीकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. आषाढी एकादशीनंतर पंढरपूरहून परतलेले वारकरी पुढच्या एकादशीला इथे परतवारीला येतात. दिवस पावसाळ्याचे, माती काळी. सेग्वेचा तोल चाक आणि जमीन यांच्यातील घर्षणावर अवलंबून असतो. चाक घसरले की दुरुस्तीचा हुकूम वाया जातो, आणि ओल्या काळ्या मातीवर ते घसरणारच. गर्दीतून जायला तिला निदान ६३ सेंटिमीटर रुंद मोकळी वाट हवी. त्या दिवशी नर्सीत एवढी वाट कुठे सापडणार? तेथे पोलीस पायीच असतो. महागडी साधने आधी समुद्रकिनाऱ्यावर पोचतात आणि चिखलातला बंदोबस्त पायांवरच राहतो, याचे एक कारण पैसा आहे हे खरे, पण दुसरे कारण यंत्राच्या घडणीत आहे. त्या यंत्राची कल्पना करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेहमी फरसबंदीच होती.

उंचीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. जत्रेत हरवलेले मूल शोधायचे आहे असे समजू. मुलाची उंची एक मीटर. पोलिसापासून दोन मीटरवर १.६ मीटर उंचीचा माणूस उभा आहे आणि मूल त्याच्या मागे आहे. पायी पोलिसाचा डोळा साधारण १.६ मीटरवर असतो. त्याची नजर माणसाच्या डोक्यावरून आडवी जाते, मुलापर्यंत कधीच उतरत नाही. सेग्वेवर डोळा १.८ मीटरवर येतो. नजर दोन मीटरमध्ये ०.२ मीटर उतरते, म्हणजे समरूप त्रिकोणांच्या नियमाने मुलाच्या डोक्यापर्यंत यायला आणखी सहा मीटर लागतील, आणि गर्दीत तेवढ्या अंतरात आणखी दहा डोकी आड येतील. घोड्यावर डोळा २.३ मीटरच्या आसपास असतो. मूल त्या माणसाच्या मागे पावणेदोन मीटरवर असले तरी दिसते. आणि दोन मीटर उंच बांबूच्या मचाणावर उभ्या असलेल्या पोलिसाला ते साठ सेंटिमीटरवर दिसते. आकृती काढून हे उतार मुलांकडून मोजून घ्यावेत. आपापल्या गावच्या जत्रेचे आकडे घातले तर उत्तम.

मूळ कारखाना बंद झाला तेव्हा साधारण वीस वर्षांत मिळून सुमारे १,४०,००० सेग्वे विकल्या गेल्या होत्या. २०१५ साली ती कंपनी नाइनबॉट या चिनी कंपनीने विकत घेतली होती, आणि बंद करण्याच्या सुमारास तिच्या एकूण उत्पन्नात या गाडीचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी होता. पायाने ढकलण्याच्या साध्या स्कूटरला मोटार जोडलेली एकामागे एक चाकांची गाडी तिला स्वस्त पडली आणि लोकांनाही. तोल सांभाळायचे काम तिने पुन्हा माणसाकडे सोपवले आहे.